बांधापलीकडची विहीर

आमच्या गावाकडच्या सातबारा उताऱ्यावर अजूनही एक नोंद आहे : ‘विहिरीत चार आणे हिस्सा’. ही विहीर आमच्या शेतात नाही, बांधापलीकडे दुसऱ्याच्या रानात आहे. आजोबांच्या काळात त्या शेजाऱ्याकडे पाण्याची जागा होती, पण सुरुंग लावायला पैसा नव्हता. आजोबांच्या गाठीला चार पैसे होते, पण जमिनीत पाणी नव्हते. पाणाड्याने जागा दाखवली, खोदाईचा आणि बांधकामाचा चौथा हिस्सा आजोबांनी दिला आणि आठवड्यातून दोन दिवसांची पाळी ठरली. काही वर्षे पाटाला पाणी खळाळले. पुढे शेजारी वारला, मुलांच्या वाटण्या झाल्या. आमचा पाट ज्याच्या रानातून येत होता, त्याने ‘मलाही पाळी द्या’ म्हणून पाट मोडला. वडिलांनी तालुक्याला खेटे घातले आणि निकाल आमच्या बाजूने लागलाही; पण तोवर आम्ही तिघे भाऊ नोकरीनिमित्त शहरात आलो होतो. आज उताऱ्यावर हिस्सा आहे, रानात पाणी नाही.

परदेशातल्या तेलक्षेत्रात भारतीय कंपनीने अमुक टक्के हिस्सा घेतला, अशी बातमी आली की मला ही विहीर आठवते. अशा बातम्या मोठ्या अभिमानाने छापल्या जातात. देशाची ‘ऊर्जा सुरक्षा’ वाढली, असे त्यात हमखास म्हटलेले असते. पुढे त्या हिश्शाचे काय झाले, हे मात्र आतल्या पानावर, चार ओळींत येते. म्हणून आज या विषयाची जरा सविस्तर उजळणी करावी म्हणतो. तेल हा काही केवळ मंत्र्यांचा आणि शेअर दलालांचा विषय नव्हे. ओएनजीसीत निम्म्याहून अधिक मालकी सरकारची, म्हणजे पर्यायाने आपली आहे. आयुर्विमा महामंडळाने तिच्यात मोठी रक्कम गुंतवली आहे. २००४ च्या मार्चमध्ये सरकारने तिचे १० टक्के शेअर विकायला काढले, तेव्हा आमच्या सोसायटीतून किती तरी अर्ज गेले. त्यात माझाही होता. सैबेरियात किंवा सुदानमध्ये विहीर आटली, तर त्याची झळ अशी फिरून आपल्या ओसरीपर्यंत येते.

रोस्तमची गोष्ट

आपण परदेशात तेल शोधू लागलो ही काही अलीकडची गोष्ट नाही. १९६५ साली ‘हायड्रोकार्बन्स इंडिया’ नावाची कंपनी याच कामासाठी स्थापन झाली. तेव्हा मुंबई हायचा शोध लागायला नऊ वर्षे अवकाश होता. इराणच्या समुद्रात इराणची सरकारी कंपनी, इटलीची आजिप आणि अमेरिकेची फिलिप्स यांच्या बरोबरीने आपण उतरलो आणि तिथे चक्क तेल लागले. त्या क्षेत्राचे नाव रोस्तम. इराणच्या पुराणवीरावरून ठेवलेले.

पण १९७९ साली इराणात क्रांती झाली. शहा गेले, खोमेनी आले आणि जुन्या राजवटीने केलेले परकीयांबरोबरचे तेलकरार निकालात निघाले. रोस्तमचे नावही बदलले गेले. पुढे इराण-इराक युद्धाच्या काळात, १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेच्या नौदलाने याच क्षेत्रातले फलाट तोफा डागून उद्ध्वस्त केले. तोवर आपण तिथून केव्हाच बाहेर पडलो होतो. १९८९ मध्ये आपल्या कंपनीचे नाव ‘ओएनजीसी विदेश’ झाले. नाव बदलले; पण जमिनीखालच्या खडकाइतकाच जमिनीवरच्या राजवटीचाही भरवसा नसतो, हा रोस्तमचा धडा पुढे अनेकदा नव्याने गिरवावा लागला.

हिस्सा म्हणजे नेमके काय?

परदेशी तेलक्षेत्रात २० टक्के हिस्सा घेतला, म्हणजे तिथल्या तेलाचा पाचवा भाग आपल्या मालकीचा झाला, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. जमिनीखालचे तेल बहुतेक देशांत तिथल्या सरकारचेच असते. कंपनीला मिळते ती शोधण्याची आणि काढण्याची परवानगी. आधी सही करण्याबद्दल त्या सरकारला भली मोठी रक्कम मोजायची. मग भूकंपलहरींनी पाहणी करायची. मग विहिरी खोदायच्या. समुद्रातली एक विहीर शेकडो कोटी रुपये गिळते आणि ती कोरडी निघाली, तर तो खर्च आपल्या डोक्यावर. तेल लागलेच, तर आधी विकलेल्या तेलातून झालेला खर्च वसूल करायचा आणि उरलेल्या नफ्याची सरकारबरोबर वाटणी करायची. त्याखेरीज स्वामित्वधन आणि कर आहेतच.

खरी मेख पुढेच आहे. करार होईपर्यंत यजमान सरकार नम्र असते, कारण त्याला पैसा आणि तंत्रज्ञान हवे असते. तेल लागले, कोट्यवधी डॉलर जमिनीत गाडले गेले की पारडे फिरते. कापड गिरणीची यंत्रे उचलून एक वेळ दुसरीकडे नेता येतील. तेलविहीर उचलून नेता येत नाही. खणेपर्यंत खणणारा राजा, पाणी लागल्यावर जमीनवाला राजा! व्हेनेझुएलाने २००७ साली ओरिनोको खोऱ्यातल्या प्रकल्पांत सरकारी कंपनीकडे बहुमताची मालकी घेतली, तेव्हा एक्झॉनमोबिल आणि कोनोकोफिलिप्स या बलाढ्य कंपन्यांना तिथून बाहेर पडावे लागले. त्यानंतर वर्षभरातच, २००८ मध्ये, आपण त्याच देशात सॅन क्रिस्टोबाल क्षेत्रात ४० टक्के हिस्सा घेतला. तेल निघाले, नफाही दिसू लागला. पण तिथल्या सरकारी कंपनीकडून आपला ५० कोटी डॉलरहून अधिक लाभांश थकला. २०१६ मध्ये वसुलीचा समझोता झाला, थोडी रक्कम हाती आली आणि २०१९ मध्ये अमेरिकेने त्या कंपनीवर निर्बंध घातले. देणारा देईना आणि दिले तरी आणायची वाट बंद, अशी ती अवस्था झाली.

आणि तेल लागले म्हणजे ते मुंबईच्या किंवा मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्यात येते, असेही नाही. व्हिएतनामच्या समुद्रात आपल्याला वायू सापडला, २००३ पासून तो निघू लागला. हा आपला एक चांगला, फायद्याचा प्रकल्प. पण तो वायू व्हिएतनाममधल्या वीज केंद्रांत जळतो आणि ते योग्यच आहे. रशियाच्या अतिपूर्वेकडील सखालिनचे तेल बहुतांशी तिथून जवळच्या बाजारात विकले गेले. आपल्याकडे येतो तो पैसा, तेल नव्हे. २०२३-२४ या वर्षात भारताने २३ कोटी टनांच्या घरात खनिज तेल आयात केले. ओएनजीसी विदेशच्या वाट्याचे जगभरातले तेल होते सुमारे ७० लाख टन. ते सगळेच्या सगळे घरी आणले असते, तरी आयातीच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरले असते. तेव्हा ‘ऊर्जा सुरक्षा’ हा शब्द थोडा जपूनच वापरायला हवा. ही मुख्यतः गुंतवणूक आहे आणि तिचा हिशोब गुंतवणुकीसारखाच मांडला पाहिजे.

पाटाचे भांडण

आमचा पाट ज्याने मोडला, त्याची आठवण मला सर्वाधिक होते ती सुदानच्या प्रकरणात. ग्रेटर नाईल या तेलप्रकल्पात कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीचा २५ टक्के हिस्सा होता. सुदानमध्ये यादवी चालू होती आणि तेलाच्या पैशावर तिथले सरकार युद्ध चालवते, अशी टीका पाश्चात्त्य देशांतल्या मानवी हक्क संघटना करीत होत्या. त्या दडपणाखाली टॅलिस्मन बाहेर पडली आणि २००३ मध्ये सुमारे ७५ कोटी डॉलर मोजून तो हिस्सा आपण घेतला. दुसऱ्याने बदनामीच्या भीतीने सोडलेली वस्तू आपल्याला मिळाली, याचा तेव्हा आनंद झाला. त्याच वर्षी सुदानी तेलाचे जहाज मंगळूरला लागले आणि पहिली काही वर्षे प्रकल्पाने पैसाही चांगला दिला. शिवाय खार्टूमपासून पोर्ट सुदानपर्यंत ७४१ किलोमीटरची वाहिनी आपण उधारीवर बांधून दिली. ती २००५ मध्ये पूर्ण झाली.

२०११ च्या जुलैमध्ये दक्षिण सुदान वेगळा देश झाला. बहुतेक तेल दक्षिणेला आणि समुद्राकडे जाणारी वाहिनी, बंदर उत्तरेला, अशी वाटणी झाली. वाहिनीच्या भाड्यावरून दोघा भावांचे जुंपले आणि २०१२ च्या जानेवारीत दक्षिणेने रागाने आपले उत्पादनच बंद केले. एप्रिलमध्ये सीमेवरच्या हेग्लिग तेलक्षेत्रात लढाई झाली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये दक्षिणेत यादवी पेटली. आपण बांधलेल्या वाहिनीचे हप्ते थकले आणि वसुलीसाठी लवादाकडे जावे लागले. २०२३ च्या एप्रिलपासून तर खार्टूममध्येच दोन सेनापतींच्या फौजा लढू लागल्या. आपल्या भूगर्भशास्त्रज्ञांचा अंदाज चुकला नव्हता. तेल होतेच. चुकले ते राजकारणाचे गणित.

सखालिनची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण हा आपला सर्वांत यशस्वी प्रकल्प म्हणून ओळखला जाई. २००१ मध्ये २० टक्के हिस्सा घेतला, २००५ मध्ये तेल सुरू झाले, घातलेला पैसा परत आला. एक्झॉनसारखी मातबर कंपनी तो चालवीत होती, जपानी भागीदार होते. मग २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. निर्बंध आले, तेलवाहू जहाजांना विमा मिळेना, एक्झॉनने काढता पाय घेतला. दिवसाला सुमारे २ लाख २० हजार पिंपांचे उत्पादन त्या वर्षाच्या मध्याला १० हजारांवर घसरले. ऑक्टोबरमध्ये रशियाच्या अध्यक्षांनी एका हुकमाने प्रकल्प नव्या रशियन कंपनीकडे सोपवला. आपण अर्ज करून आपला हिस्सा राखला, उत्पादनही पुढे सावरले. पण २०२२ नंतर रशियातल्या आपल्या सरकारी कंपन्यांच्या गुंतवणुकीवरचा लाभांश मॉस्कोतल्या बँकेत साठून राहू लागला. घरी आणण्याची सोय नव्हती. गावात माझे चिकार पैसे आहेत, फक्त एसटी बंद आहे, असे म्हणणाऱ्या माणसासारखी आपली स्थिती झाली.

चुकीच्या वेळी केलेले सौदे

आतापर्यंत झाली ती राजकीय जोखीम. आर्थिक जोखमीला मात्र दुसऱ्या कुणाला बोल लावता येत नाही. २००८ च्या जुलैमध्ये तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले होते. ऑगस्टमध्ये आपण लंडनच्या बाजारात नोंदलेल्या इंपीरियल एनर्जी या कंपनीसाठी बोली जाहीर केली. तिची क्षेत्रे सैबेरियातल्या तोम्स्क प्रांतात. महिन्याभरात अमेरिकेतील लेहमन बँक बुडाली आणि वर्षअखेरीस तेल चाळीस डॉलरच्या खाली आले. लंडनच्या नियमांप्रमाणे एकदा पक्की बोली लावली की सहजी मागे घेता येत नाही. २००९ च्या जानेवारीत सुमारे २१० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळचे दहा हजार कोटी रुपये मोजून व्यवहार पुरा झाला. पुढे तेलही अपेक्षेच्या निम्म्याने निघेना. कॅगने २०११ च्या अहवालात या सौद्याबद्दल कडक ताशेरे ओढले. चढ्या भावात सोने घेणारी गृहिणी एक वेळ ते लग्नात तरी वापरते. इथे तर मूळ दागिनाच हलका निघाला.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्याशी नाते सांगणारे आहे. ज्यांच्या दूरदर्शन संचावर आपल्यापैकी कित्येकांनी ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पाहिले, त्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉन उद्योगाने २००८ मध्ये मोझांबिकच्या किनाऱ्यालगत रोवुमा क्षेत्रात १० टक्के हिस्सा घेतला. तेव्हा तिथे काही सापडले नव्हते, म्हणून किंमतही बेताची होती. मग वायूचे प्रचंड साठे लागले. २०१३ मध्ये हाच हिस्सा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे २४८ कोटी डॉलरना विकत घेतला. त्याच वर्षी ओएनजीसी विदेशने अमेरिकेच्या अॅनाडार्को कंपनीकडून आणखी १० टक्के २६४ कोटी डॉलरना घेतले. कोरडी विहीर निघण्याचा धोका खाजगी उद्योगाने पत्करला आणि त्याचे फळ त्याला मिळाले, याबद्दल तक्रार नाही. त्या उद्योगाची पुढची कथाही सुखाची नाही. २०१८ मध्ये तो दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेला. माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्या सरकारी कंपन्या तेल लागण्याआधी धाडस करीत नाहीत आणि लागल्यावर चढ्या भावाने धावतात, असे तर होत नाही ना?

कारण रोवुमाचा वायू अजून आपल्या उपयोगी पडलेला नाही. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, २०१६ च्या जानेवारीत ते तीस डॉलरच्याही खाली गेले. बांधकामाचा अंतिम निर्णय २०१९ मध्ये झाला. २०२१ च्या मार्चमध्ये प्रकल्पाशेजारच्या पाल्मा गावावर अतिरेक्यांनी हल्ला केला, अनेक निरपराध मारले गेले आणि चालक कंपनी टोटालने काम थांबवले. ही स्थगिती उठायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. दशकाहून अधिक काळ अडकलेल्या अशा पैशावर एक रुपया व्याज धरला तरी किती होते, हे मुदत ठेवीची पावती सांभाळणाऱ्या कोणत्याही आजीला सांगता येईल.

आणि काही वेळा तर आपल्याला पानावर बसवूनच उठवण्यात आले. २००४ मध्ये अंगोलातला शेलचा हिस्सा घ्यायचे ठरले होते. तिथल्या सरकारी कंपनीने अग्रहक्क बजावून तो काढून घेतला. त्याच सुमारास चीनने अंगोलाला २०० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले होते. इराणच्या फारसी क्षेत्रात तर फर्झाद-बी हा मोठा वायुसाठा आपणच शोधला. निर्बंध आणि दराची घासाघीस यांत वर्षांमागून वर्षे गेली आणि २०२१ च्या मे महिन्यात इराणने तो विकसित करण्याचे काम आपल्याच एका कंपनीला देऊन टाकले.

आपणही काही कमी नाही

हे सारे वाचून ‘काय हे बेभरवशाचे देश!’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण जरा माहुलकडे पाहा. तिथला भारत पेट्रोलियमचा कारखाना मूळ बर्मा-शेलचा. १९७४ ते १९७७ या काळात आपण एस्सो, बर्मा-शेल आणि कॅलटेक्स या परकीय कंपन्यांचा येथील कारभार ताब्यात घेतला. देशहिताच्या दृष्टीने तो निर्णय आपल्याला योग्य वाटला. मग असाच निर्णय दुसऱ्याला योग्य वाटला, तर? अलीकडचे म्हणाल, तर राजस्थानात बाडमेरला २००४ मध्ये मोठा तेलसाठा शोधणाऱ्या केर्न कंपनीवर आपण २०१२ च्या पूर्वलक्षी कायद्याच्या आधारे दहा हजार कोटींहून अधिक कराची मागणी लादली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल आपल्याविरुद्ध गेला, पॅरिसमधल्या आपल्या सरकारी मालमत्तांवर जप्तीची पाळी आली. २०२१ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला आणि सुमारे ७,९०० कोटी रुपये परत करावे लागले.

याहून गंमत अशी की, परदेशातल्या गुंतवणुकीला संरक्षण देणारे जे दुहेरी करार आपण पन्नासहून अधिक देशांशी केले होते, ते संपवण्याच्या नोटिसा २०१६ च्या सुमारास आपणच दिल्या. परकीय कंपन्यांनी आपल्याला लवादात खेचू नये, हा त्यामागचा हेतू. पण त्याच करारांचा आधार बाहेर गेलेल्या आपल्या कंपन्यांनाही होता. स्वतःच्या घराची कडी काढताना शेजारच्या घरात ठेवलेल्या ऐवजाचे कुलूपही काढले गेले, हे फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही.

मग करायचे काय?

परदेशात जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. मुंबई हायची विहीर म्हातारी झाली आहे आणि आपली तहान वाढतेच आहे. व्हिएतनाम, सखालिन यांनी वर्षानुवर्षे पैसा दिला, हेही विसरता कामा नये. पण नव्या सौद्याची बातमी आली, की तीन प्रश्न विचारले जावेत. नफा झाला, तर तो कोणत्या चलनात, कोणत्या बँकेतून घरी येणार? तेल ज्या वाटेने समुद्रापर्यंत जाणार, ती वाट कुणाच्या रानातून जाते? आणि हा हिशोब तेलाचा भाव काय धरून मांडला आहे. तो निम्मा झाला, तर काय? एवढ्याची उत्तरे संसदेपुढे, प्रकल्पवार, दर वर्षी मांडली गेली, तर कॅगला दोन-तीन वर्षांनी शवविच्छेदन करावे लागणार नाही. एकाच देशात फार पैसा गुंतवू नये, हा तर घरोघरीचा शहाणपणा आहे.

शिवाय सुरक्षाच हवी असेल, तर तिचा अधिक खात्रीचा मार्ग घराजवळ आहे. विशाखापट्टण, मंगळूर आणि पादूर येथे खडकात कोरलेल्या कोठारांत मिळून ५३ लाख टन तेल साठवता येते. देशाला जेमतेम नऊ-दहा दिवस पुरेल एवढे. घरातला हा रांजण मोठा करायला खर्च येतो, पण त्यावर दुसऱ्या कुणाची पाळी नसते.

वडील हयात होते तोवर दर उन्हाळ्यात गावी जाऊन त्या विहिरीत डोकावून येत. एकदा मी त्यांना विचारले, आजोबांनी पैसे घातले ते चुकलेच ना? ते म्हणाले, ‘‘विहिरीत पैसे घातले ते बरोबरच होते. पाट कुठून जाणार, ते कागदावर घ्यायला हवे होते.’’